मी नक्की कोण? : लैंगिक कलाविषयी प्रश्न पडतो तेव्हा



लैंगिकतेवरच्या व्याख्यानाला साधारण दोन प्रकारचे श्रोते येतात, असं धरलं जातं. काहींना आपण कोण आहोत हे पक्कं ठाऊक असतं आणि बाकीच्यांना 'त्या लोकांविषयी' माहिती हवी असते. आज आम्ही मुद्दाम तिसऱ्याच माणसाशी बोलणार आहोत. त्याला किंवा तिला अजून काहीच पक्कं ठाऊक नाही. मनात एक प्रश्न आलाय, कदाचित गेल्या महिन्यात, कदाचित वीस वर्षांपूर्वी, आणि तो जात नाही. मला पुरुष आवडतात की स्त्रिया? दोन्ही? की कोणीच नाही? असं कोणी या सभागृहात असेल तर हात वर करायची गरज नाही. नुसतं ऐकलं तरी चालेल. आणि ज्यांना हा प्रश्न कधी पडला नाही, त्यांच्या घरात, वर्गात, ऑफिसात तो कोणाला तरी पडलेला असू शकतो. म्हणून तुम्हीही ऐका.

आम्ही समुपदेशनाचं काम करणारी मंडळी. आमच्याकडे येणाऱ्या माणसाची बहुतेक वेळा एकच मागणी असते : "मी नक्की कोण आहे ते सांगा." ते आम्ही सांगू शकत नाही. पण हा प्रश्न मांडायचा कसा, त्याचे तुकडे कसे करायचे, कशाची घाई करायची नाही आणि काय थांबवायचं, हे सांगता येतं. आजचं बोलणं तेवढ्यासाठी.

प्रश्न जुनाच आहे

"हे सगळं मोबाइल आणि वेबसिरीजमुळे आलं," असं आपण नेहमी ऐकतो. र. धों. कर्वे यांनी 'समाजस्वास्थ्य' हे मासिक १९२७ साली सुरू केलं आणि १९५३ साली त्यांचा मृत्यू होईपर्यंत चालवलं. त्यात वाचक प्रश्न विचारायचे आणि कर्वे उत्तरं द्यायचे. हस्तमैथुन, समलिंगी संबंध अशा विषयांवरच्या प्रश्नोत्तरांवरून १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. त्यांचं वकीलपत्र घेतलं होतं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. लैंगिक विषयावर लिहिलं म्हणजे ते अश्लील ठरत नाही आणि वाचकाच्या शंकेला उत्तर मिळालं पाहिजे, अशी त्यांची बाजू होती. खटला कर्वे हरले, दंड भरावा लागला. पण आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. नव्वद वर्षांपूर्वी मराठी घरांत हे प्रश्न पडत होते, आणि पोस्टकार्ड-पाकिटातून ते विचारण्याची हिंमत लोक करत होते. आज हा प्रश्न तुम्हाला पडला असेल, तर तुम्ही पहिले नाही.

आधी शब्द नीट करू

या विषयात दोन गोष्टींची गल्लत फार होते. लैंगिक कल म्हणजे आपल्याला कोणाविषयी आकर्षण वाटतं ते. लिंगभाव म्हणजे आपण स्वतःला पुरुष मानतो, स्त्री मानतो, की आणखी काही. हे दोन वेगळे प्रश्न आहेत. एखादा मुलगा नाजूक बोलतो, नाचतो, म्हणून त्याला पुरुष आवडतात असं होत नाही. एखादी मुलगी बुलेट चालवते, केस बारीक ठेवते, म्हणून तिला मुली आवडतात असंही नाही. कोणाचा कल चालण्याबोलण्यावरून ओळखता येत नाही. स्वतःचाही येत नाही.

आणि हे शब्द किती अलीकडचे आहेत तेही बघा. 'होमोसेक्शुअल' हा शब्द जर्मन भाषेत पहिल्यांदा छापला गेला १८६९ साली. कार्ल मारिया केर्टबेनी या लेखकाने तो घडवला, तोही समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कायद्याविरुद्ध लिहिताना. माणसं त्याच्या कितीतरी आधीपासून प्रेमात पडत होती. शब्द नंतर आले, माणसं आधी होती. त्यामुळे समलैंगिक, उभयलैंगिक, भिन्नलैंगिक, अलैंगिक यांपैकी एकही शब्द तुम्हाला नीट बसत नसेल, तर दोष तुमचा नाही. तयार सदरा प्रत्येकाच्या खांद्याला बसतोच असं नाही.

एका प्रश्नाचे तीन प्रश्न

"मी कोण?" हा प्रश्न एका दमात सुटत नाही, कारण त्यात तीन प्रश्न एकमेकांत अडकलेले असतात. ते सुटे करू या.

पहिला, आकर्षण. मन कुठे ओढ घेतं? दुसरा, वर्तन. प्रत्यक्षात काय घडलं? तिसरा, ओळख. मी स्वतःला काय म्हणवतो किंवा म्हणवते? हे तिन्ही एकाच रेषेत असतील असं आपण गृहीत धरतो. बऱ्याचदा तसं नसतं.

समजा, होस्टेलमध्ये राहणाऱ्या दोन मुलांमध्ये काही महिने शारीरिक जवळीक झाली. पुढे दोघांनाही मुलींविषयीच ओढ वाटते. इथे वर्तन घडलं, पण कल तसा असेलच असं नाही. आता दुसरं उदाहरण. समजा, पंचेचाळीस वर्षांचे एक गृहस्थ आहेत. लग्न झालंय, दोन मुलं आहेत, बायकोशिवाय कोणाला कधी हात लावलेला नाही. पण शाळेत असल्यापासून मनात पुरुषच येतात. इथे वर्तनावरून काहीच कळणार नाही. आणि समजा, एकवीस वर्षांची एक मुलगी आहे, जिने अजून कोणाचाच हात धरलेला नाही. तिला लोक म्हणतात, "अनुभव नाही तर तुला कसं कळलं?" मुलग्यांवर प्रेम करणाऱ्या एकवीस वर्षांच्या मुलीला हा प्रश्न कोणी विचारत नाही. अनुभव घेतल्याशिवाय ओढ कळत नाही असं नाही, आणि केवळ खात्री करून घेण्यासाठी नको असलेल्या जवळिकीत पडायची तर अजिबात गरज नाही.

शास्त्रज्ञांनाही एका शब्दाने भागलं नाही. अमेरिकेत आल्फ्रेड किन्सी यांनी हजारो लोकांच्या मुलाखती घेतल्या आणि १९४८ साली पुरुषांवरचा व १९५३ साली स्त्रियांवरचा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांनी शून्य ते सहा अशी पट्टी मांडली. शून्य म्हणजे केवळ भिन्नलिंगी ओढ, सहा म्हणजे केवळ समलिंगी, आणि मधे पाच पायऱ्या. ज्यांना कोणाविषयीच लैंगिक ओढ दिसत नव्हती त्यांच्यासाठी वेगळी खूण ठेवली होती. माणसं दोन गोण्यांत भरता येत नाहीत, हे त्या पट्टीने दाखवलं.

पुढे फ्रिट्झ क्लाइन या मानसोपचारतज्ज्ञांना ही पट्टीसुद्धा अपुरी वाटली. त्यांनी एक तक्ता केला. उभ्या रकान्यात सात गोष्टी : लैंगिक आकर्षण, प्रत्यक्ष वर्तन, कल्पनाविश्व, भावनिक जवळीक, कोणाच्या सोबतीत रमतो, कोणत्या प्रकारच्या लोकांत वावरतो, आणि स्वतःला काय म्हणवतो. आडव्या ओळीत तीन काळ : पूर्वी, गेल्या वर्षभरात, आणि जसं असावंसं वाटतं तसं. एकूण एकवीस चौकटी, प्रत्येकीत एक ते सात यांपैकी आकडा.

हा तक्ता वहीच्या एका पानावर आखता येतो. मात्र त्याची बेरीज करून 'निकाल' काढू नका. त्याचा उपयोग तो नाही. दोन चौकटींत फरक कुठे पडतो ते बघा. समजा, 'गेल्या वर्षभरात' आणि 'जसं असावंसं वाटतं' यांच्यात मोठं अंतर आहे. मग स्वतःला विचारा, हे अंतर कशामुळे? ही माझी इच्छा आहे, की भीती? लोक काय म्हणतील हे मनातून काढलं तर आकडा तोच राहील का? पुष्कळांना आपला खरा प्रश्न इथे सापडतो. "मला कोण आवडतं" हे त्यांना ठाऊकच असतं. "ते आवडलं तर माझं काय होईल" हा प्रश्न छळत असतो. आणि एक व्यवहारातली गोष्ट. घरात आपली वही दुसरं कोणी वाचत असेल, फोन दुसऱ्याच्या हाती पडत असेल, तर लिहा, वाचा आणि फाडून टाका. विचार झाला की कागदाचं काम संपलं.

कौतुक की ओढ?

तरुण मुलामुलींचा अगदी नेहमीचा गोंधळ असा : "ती मला इतकी आवडते, म्हणजे मैत्रीच ना?" यावर एक साधा प्रश्न उपयोगी पडतो. मला तिच्यासारखं व्हायचंय, की तिच्याबरोबर असायचंय? पहिल्यात कौतुक असतं, दुसऱ्यात ओढ. कधीकधी दोन्ही एकत्र असतात, हेही खरं. मग पुढचं बघा. तिचा मेसेज नाही आला तर दिवस कसा जातो? तिचं लग्न ठरलं असं कळलं, तर पहिल्या क्षणी पोटात काय होईल? एका प्रसंगावरून काही ठरवू नका. एका स्वप्नावरून तर नकोच. काही महिन्यांत, काही वर्षांत जे पुन्हा पुन्हा दिसतं त्याला वजन द्या.

इथे एक सावधगिरीची सूचना. प्रश्न पडणं वेगळं आणि प्रश्नाने पछाडणं वेगळं. काही लोक दिवसातून पन्नास वेळा स्वतःला तपासतात. रस्त्यावरच्या माणसाकडे बघून "काही वाटलं का?" हे पडताळतात, रात्र-रात्र ऑनलाइन चाचण्या देतात, आईला, मित्राला तेच तेच विचारतात. घटकाभर बरं वाटतं, की पुन्हा तीच शंका. हा मंत्रचळेपणाचा, म्हणजे ओसीडीचा एक प्रकार असू शकतो. यात माणसाला त्रास कलाचा होत नसतो, शंभर टक्के खात्रीच्या हट्टाचा होत असतो. त्यावर चांगले उपचार आहेत, आणि ते उपचार शंकेच्या चक्रावर असतात. कोणाला भिन्नलैंगिक किंवा समलैंगिक बनवण्यासाठी नसतात.

या ऑनलाइन चाचण्यांचंही सांगून टाकतो. दहा प्रश्नांत कल सांगणारी चाचणी नाही. रक्ताची नाही, मेंदूच्या स्कॅनचीही नाही. २०१९ साली पावणेपाच लाखांहून जास्त लोकांच्या जनुकांचा एक मोठा अभ्यास 'सायन्स' या नियतकालिकात आला. निष्कर्ष असा की आनुवंशिकतेचा काही वाटा दिसतो, पण समलैंगिकता ठरवणारं एकच एक जनुक नाही आणि जनुकं पाहून एखाद्या व्यक्तीचा कल सांगता येत नाही.

उत्तर बदललं तर?

"आज मी एक ठरवलं आणि पाच वर्षांनी वेगळंच वाटलं, तर मी खोटी ठरेन का?" लिसा डायमंड या अमेरिकी संशोधिकेने ज्या स्त्रिया स्वतःला भिन्नलैंगिक म्हणवत नव्हत्या अशा ७९ जणींशी दहा वर्षं संपर्क ठेवला. त्यातल्या सुमारे दोनतृतीयांश स्त्रियांनी त्या काळात स्वतःसाठीचा शब्द निदान एकदा तरी बदलला. काहींनी कुठलाच शब्द नको म्हटलं. २००८ साली तिचं पुस्तक आलं. म्हणजे शब्द बदलणं ही लबाडी नाही.

पण यावरून उलटा अर्थ काढू नका. "बदलतं ना, मग आम्ही बदलून दाखवतो," असं म्हणणारे बुवा, बाबा आणि दुर्दैवाने काही डॉक्टरही असतात. आपोआप बदलणं वेगळं आणि जबरदस्तीने बदलणं वेगळं. अमेरिकी मानसोपचार संघटनेने १९७३ साली समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. जागतिक आरोग्य संघटनेने १७ मे १९९० रोजी तोच निर्णय घेतला. भारतीय मानसोपचार संघटनेने २०१८ साली हा आजार नसल्याचं जाहीर केलं. मद्रास उच्च न्यायालयाच्या २०२१ च्या आदेशानंतर राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ साली कल बदलण्याचे 'उपचार' हे डॉक्टरांचं व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं. तेव्हा शॉक, गोळ्या, इंजेक्शनं देऊन "ठीक करतो" असं कोणी म्हणालं, तर तिथून उठून यायचं. घरच्यांनी नेलं असेल तरी.

खरी घाई कशाची असते?

आता सगळ्यात अवघड गोष्टीवर येतो. या प्रश्नाला मुदत नसते, असं आम्ही म्हणतो. पण आपल्याकडे मुदत बाहेरून येते. मुलीला चोविसावं लागलं, मुलाला नोकरी लागली, की पत्रिका बाहेर पडते. आजीची तब्येत, धाकट्या बहिणीचं अडलेलं लग्न, "एकदा लग्न झालं की सगळं सुरळीत होतं" हा सल्ला. मनातला प्रश्न अर्धा असताना माणूस बोहल्यावर उभा राहतो.

लग्नाने कल बदलत नाही. बदलतं ते एवढंच, की एका माणसाचा प्रश्न दोन माणसांचा होतो. दुसऱ्या माणसाने तो मागितलेला नसतो. समजा, नवरा वर्षानुवर्षं दूर दूर राहतो. बायको आरशात बघून ठरवते की दोष माझ्यात आहे. सासरी "पाळणा कधी हलणार" म्हणून तिलाच विचारतात. तिला खरं कारण कधी कळत नाही, किंवा दहा वर्षांनी कळतं. तिच्या त्या दहा वर्षांचं काय करायचं? म्हणून आमचं आग्रहाचं सांगणं आहे : कल ठरवायची घाई करू नका, पण प्रश्न उघडा असताना लग्नाला हो म्हणू नका. कारण सांगायची तयारी नसेल तर नका सांगू. "मला दोन वर्षं थांबायचंय, शिकायचंय, नोकरी पक्की करायचीय," एवढंही पुरतं. "मी समलैंगिक आहे" हे सिद्ध केल्याशिवाय लग्न नाकारता येत नाही, असं थोडंच आहे? नकाराला कारण लागत नाही.

आणि ज्यांचं लग्न आधीच झालंय त्यांनी हे ऐकून खचू नये. तुमच्यापुढचा रस्ता जोडीदाराशी प्रामाणिक होण्याचा आहे. तो कधी, कसा, कोणाच्या मदतीने, हे समुपदेशकाबरोबर बसून ठरवता येतं.

कायद्याचंही दोन वाक्यांत. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कलम ३७७ मधून प्रौढांचे संमतीचे संबंध वगळले, त्यामुळे ते आता गुन्हा नाहीत. समलिंगी विवाहाला मात्र मान्यता नाही; १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात न्यायालयाने तो विषय संसदेकडे सोपवला. ब्लॅकमेल करणारे लोक "पोलिसांत देईन" म्हणून घाबरवतात, म्हणून हे माहीत असावं. तक्रार तुम्ही करू शकता. खंडणी मागणं हा गुन्हा आहे.

कोणाला सांगायचं?

कळणं आणि सांगणं ही दोन वेगळी कामं आहेत. एक झालं म्हणून दुसरं लगेच करायला हवं असं नाही. सांगायचंच झालं तर पहिला माणूस असा निवडा, जो तुमचं दुसरं एखादं गुपित आधी सांभाळून बसलाय. घरच्यांवर शिक्षणाचा, राहण्याचा खर्च अवलंबून असेल, तर घरी सांगण्याआधी चार रात्री कुठे राहता येईल याचा विचार झालेला बरा. वाचायला मराठीतही आहे. पुण्यात समपथिक ट्रस्ट सुरू करणारे बिंदुमाधव खिरे यांनी या विषयावर सोप्या मराठीत बरंच लिहिलंय. त्यांची 'पार्टनर' ही कादंबरी मिळवून वाचा. आणि रात्री-अपरात्री जीव घाबरा झाला, जगणं नको वाटलं, तर टेलीमानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे. फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

आता आलेल्या चिठ्ठ्यांपैकी तीन घेतो.

"मुलगा सतरा वर्षांचा आहे. म्हणतो, मला मुलं आवडतात असं वाटतंय. हा वयाचा टप्पा आहे असं सांगू का?" नका सांगू. असेलही टप्पा, नसेलही. ते त्याला कळेल. तुमच्या वाक्यातून त्याला एवढंच ऐकू येईल, की आईशी पुन्हा बोलायचं नाही. "मला सांगितलंस, बरं केलंस. जेवायला चल," एवढं म्हणा. पहिल्या दिवशी तेवढं पुष्कळ झालं.

"लहानपणी माझ्यावर अत्याचार झाला होता. त्यामुळे मी असा झालो का?" अत्याचारामुळे कल ठरतो असं सिद्ध झालेलं नाही. अत्याचार झालेले असंख्य लोक भिन्नलैंगिक आहेत, आणि असंख्य समलैंगिक लोकांवर कधीच अत्याचार झालेला नाही. तुमच्यावर जे झालं त्याची जखम खरी आहे. तिच्यावर मदत घ्या, तिच्यासाठी म्हणून. कलाच्या प्रश्नाला तिचा पुरावा करू नका.

"वय वर्षं त्रेसष्ट. आता विचारून काय उपयोग?" या चिठ्ठीवर नाव नाही, ते योग्यच. काका असाल किंवा काकू, उपयोग आहे. कोणाला काही सांगायचं नसेल, आयुष्यात काही बदलायचं नसेल, तरी स्वतःशी खरं बोलता येतं. इतकी वर्षं जे मनातल्या मनात दडपलं, ते काही पाप नव्हतं, हे कळणंसुद्धा थोडकं नाही.

व्याख्यान संपल्यावर आम्ही अर्धा तास इथेच मागच्या खोलीत आहोत. चहा आहे. ज्यांना बोलायचंय त्यांनी या. नुसता चहा प्यायला आलात तरी कोणी काही विचारणार नाही.